लिबिया 2011: विमाने युरोपची, इंधन अमेरिकेचे

19 मार्च 2011 च्या दुपारी फ्रान्सची राफाल आणि मिराज विमाने बेनगाझीच्या आकाशात पोहोचली. पॅरिसमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी बोलावलेली नेत्यांची बैठक जेमतेम आटोपत होती आणि लिबियाचा हुकूमशहा मुअम्मर गद्दाफी याच्या सैन्याचे रणगाडे बंडखोरांच्या ताब्यातल्या बेनगाझी शहराच्या वेशीशी येऊन ठेपले होते. या कारवाईतला पहिला बॉम्ब युरोपच्या विमानाने टाकला. कारवाई व्हावी म्हणून आधीपासून आग्रह धरणारेही पॅरिस आणि लंडनच होते. त्याच रात्री अमेरिकी जहाजे, अमेरिकी पाणबुड्या आणि एक ब्रिटिश पाणबुडी यांनी मिळून 110 हून अधिक टॉमाहॉक क्षेपणास्त्रे सोडली. त्यांतली बहुतेक सगळी अमेरिकेची होती. लिबियाच्या किनाऱ्यावरची रडार केंद्रे आणि लांब पल्ल्याच्या विमानवेधी क्षेपणास्त्रांचे तळ त्यांनी निकामी केले. दुसऱ्या दिवशी पहाटे अमेरिकेतल्या मिसुरीहून उडालेल्या तीन बी-2 बॉम्बर विमानांनी सिर्तजवळच्या लष्करी विमानतळावरचे काँक्रीटचे विमाननिवारे 45 बॉम्ब टाकून फोडले. पुढचे सात महिने युरोपची लढाऊ विमाने लिबियावर बऱ्यापैकी निर्धोक उडू शकली, त्याचा पाया या पहिल्या दोन दिवसांत घातला गेला.

युरोप सुरक्षेसाठी अमेरिकेवर किती अवलंबून आहे, ही चर्चा बहुधा संरक्षण खर्चाच्या टक्केवारीपाशी येऊन थांबते. ते अवलंबित्व नेमके कुठे असते हे पाहायचे तर लिबियासारखे दुसरे प्रकरण नाही, कारण तिथे सगळे युरोपच्या बाजूने होते. शत्रू दुबळा होता, त्याची विमाने जुनी होती. रणभूमी सिसिलीपासून समुद्रापलीकडे पाचशे किलोमीटरवर होती. इटलीने आपले सात हवाई तळ खुले केले होते. सुरक्षा परिषदेचा ठराव हाताशी होता, अरब लीगचा पाठिंबा होता आणि जमिनीवर सैन्य उतरवायचे नव्हते. एवढे सगळे जुळून आल्यावरही जे अडले, ते रशियासारख्या शत्रूसमोर किती अडेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

ठरावाचा मसुदा

अवलंबित्वाची पहिली खूण युद्धाआधीच दिसली. ब्रिटन आणि फ्रान्स यांना लिबियावर उड्डाणबंदी हवी होती आणि त्यांनी लेबनॉनसोबत तसा मसुदा तयार केला होता. वॉशिंग्टनमध्ये 15 मार्चला ओबामांसमोर हा विषय आला तेव्हा त्यांचा आक्षेप अगदी व्यवहारी होता. गद्दाफीचे सैन्य रणगाडे आणि तोफा घेऊन जमिनीवरून येत आहे, मग नुसती विमाने रोखून बेनगाझी वाचणार कसे? संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकेच्या राजदूत सुझन राइस यांनी मग मसुदा बदलून घेतला. नागरिकांच्या संरक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’ योजण्याची मुभा त्यात आली. 17 मार्चला ठराव 1973 दहा मतांनी मंजूर झाला. विरोधात एकही मत नव्हते. चीन, रशिया, ब्राझील, भारत आणि जर्मनी हे पाच देश तटस्थ राहिले. त्या वेळी भारत सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्य होता आणि जमिनीवरच्या परिस्थितीची पुरेशी माहिती नसताना बळाच्या वापराला परवानगी दिली जात आहे, अशी आपली भूमिका होती.

युरोपीय संघाच्या दृष्टीने सर्वांत जड गेली ती जर्मनीची तटस्थता. खंडातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेने मत तर दिले नाहीच, शिवाय भूमध्य समुद्रातली आपली जहाजे नाटोच्या ताब्यातून काढून घेतली आणि हवेतून टेहळणी करणाऱ्या नाटोच्या अवॅक्स विमानांवरचे आपले कर्मचारीही परत बोलावले. युरोपीय संघाने 1 एप्रिलला मानवतावादी मदतीला लष्करी संरक्षण देणारी एक मोहीम कागदावर मंजूर केली आणि रोममध्ये तिचे मुख्यालयही नेमले. संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्य विभागाने विनंती केली तरच ती निघणार होती. विनंती कधी आली नाही, मोहीम कधी निघाली नाही. ‘युरोप’ नावाचा एकसंध कर्ता या प्रकरणात कुठेच सापडत नाही. दिसतात ते फ्रान्स, ब्रिटन आणि त्यांच्यासोबत आलेले काही छोटे देश.

सूत्रे कोणाकडे असावीत यावरही दहा-बारा दिवस ओढाताण झाली. पहिल्या टप्प्यात अमेरिकेच्या आफ्रिका कमांडने मोहीम चालवली. समुद्रावरचे नेतृत्व ‘माउंट व्हिटनी’ या अमेरिकी जहाजावरून होत होते. फ्रान्सला नाटोचे छत्र नको होते, तुर्कस्तानला फ्रान्सच्या हाती सूत्रे नको होती, इटलीला नाटोशिवाय तळ द्यायचे नव्हते. शेवटी 31 मार्चला सगळी मोहीम नाटोकडे आली. सेनापती कॅनडाचे लेफ्टनंट जनरल शार्ल बुशार होते आणि मुख्यालय नेपल्समध्ये होते. हवाई दलाची बाजू मात्र राल्फ जोडिस या अमेरिकी जनरलकडे होती आणि या दोघांच्या वर नाटोचा युरोपातला सर्वोच्च लष्करी अधिकारी होता. तोही, नेहमीप्रमाणे, अमेरिकी. फ्रान्स आणि ब्रिटनने नोव्हेंबर 2010 मध्येच लँकेस्टर हाउस करार करून संयुक्त मोहिमांची भाषा केली होती. तरीही अशी मोहीम चालवायला लागणारे मुख्यालय, संपर्कजाळे आणि प्रशिक्षित माणसे दोघांकडे मिळूनही पुरेशी नव्हती.

सात महिन्यांचा हिशेब

मोहीम 31 ऑक्टोबरला संपली, तेव्हा नाटोच्या झेंड्याखाली सुमारे 26,500 उड्डाणे झाली होती. त्यांपैकी सुमारे 9,700 उड्डाणे हल्ल्यासाठीची होती. नाटोच्या तेव्हाच्या 28 सदस्यांपैकी 14 देश या मोहिमेत होते. बॉम्ब टाकणारे फक्त आठ: फ्रान्स, ब्रिटन, इटली, डेन्मार्क, नॉर्वे, बेल्जियम, कॅनडा आणि अमेरिका. नेदरलँड्सची एफ-16 ही अमेरिकी बनावटीची लढाऊ विमाने सार्डिनियात होती, पण त्यांना फक्त उड्डाणबंदीची अंमलबजावणी करण्याची परवानगी होती. बाहेरून स्वीडन, कतार, संयुक्त अरब अमिराती आणि जॉर्डन आले.

अमेरिकेने 4 एप्रिलला आपली हल्ला करणारी विमाने मागे घेतली. त्यानंतरच्या आकड्यांवरून अनेकांनी आनंदाचा निष्कर्ष काढला: एकूण उड्डाणांपैकी तीन चतुर्थांश मित्रराष्ट्रांची, फक्त एक चतुर्थांश अमेरिकेची, म्हणजे युरोप स्वतःच्या पायावर उभा राहिला. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि चूक मोजमापात आहे. उड्डाण मोजले की हवेत इतर विमानांना इंधन देणाऱ्या टँकर विमानाचे एक उड्डाण आणि लढाऊ विमानाचे एक उड्डाण सारखेच धरले जाते. प्रत्यक्षात एक टँकर हवेत नसेल तर सहा-आठ लढाऊ विमाने जमिनीवरच राहतात. अमेरिकेच्या त्या एक चतुर्थांश वाट्यात हवेत इंधन भरण्याचे सुमारे तीन चतुर्थांश काम होते, टेहळणी आणि गुप्त माहितीचेही सुमारे तीन चतुर्थांश काम होते, आणि शत्रूची विमानवेधी रडार दाबून ठेवण्याचे जवळजवळ सगळे काम होते.

टँकर का अडतो

एफ-16 च्या आतल्या टाक्यांत साधारण तीन टन इंधन मावते. पंखांखाली दोन जादा टाक्या लावल्या तर साडेपाच टनांच्या आसपास. नॉर्वेची एफ-16 विमाने क्रीटमधल्या सूदा तळावर होती आणि तिथून त्रिपोली हजार किलोमीटर दूर. ब्रिटिश टोर्नेडोंनी तर पहिल्या रात्री इंग्लंडमधल्या मार्हम तळावरून उड्डाण केले. जाऊन-येऊन सुमारे 4,800 किलोमीटर. फक्त जाऊन बॉम्ब टाकून परतायचे असते तर इंधनाचा हिशेब तरी सोपा झाला असता. लिबियात विमानांना लक्ष्य मिळेपर्यंत हवेत घिरट्या घालाव्या लागत, कारण गद्दाफीच्या सैन्याने काही दिवसांतच रणगाडे झाकून ठेवायला आणि बंडखोरांसारख्याच उघड्या पिकअप गाड्यांतून फिरायला सुरुवात केली होती. त्यामुळे एका फेरीला पाच-सहा तास लागणे नित्याचे झाले आणि त्या वेळात प्रत्येक विमानाला एकाहून जास्त वेळा इंधन घ्यावे लागे.

इथे एक तांत्रिक अडचण आहे, ती बाहेरच्या वाचकाच्या लक्षात सहसा येत नाही. हवेत इंधन देण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत टँकरच्या शेपटाखालून ताठ नळी बाहेर येते आणि टँकरमधला कर्मचारी ती खालच्या विमानाच्या पाठीवरच्या तोंडात बसवतो. याला बूम म्हणतात. दुसरीत टँकर लवचिक नळी सोडतो, तिच्या टोकाला टोपली असते आणि मागून येणारा वैमानिक आपल्या विमानाची सोंड त्या टोपलीत घालतो. डेन्मार्क, नॉर्वे, बेल्जियम, नेदरलँड्स यांची एफ-16 फक्त बूमवर इंधन घेतात. राफाल, टोर्नेडो, युरोफायटर, ग्रिपेन यांना टोपली लागते. ब्रिटनचे व्हीसी-10 आणि ट्रायस्टार टँकर फक्त टोपलीवाले होते. म्हणजे ब्रिटनने आपले सगळे टँकर भूमध्य समुद्रावर आणून उभे केले असते, तरी डॅनिश किंवा नॉर्वेजियन विमानाला त्यांतून थेंबभर इंधन मिळाले नसते. युरोपात बूमची सोय फ्रान्सच्या जुन्या सी-135 विमानांत, नेदरलँड्सच्या दोन केडीसी-10 मध्ये आणि इटलीकडे नुकत्याच येऊ लागलेल्या केसी-767 मध्ये होती. संपूर्ण युरोपकडे मिळून 40 च्या आसपास टँकर आणि तेही दहा-बारा वेगवेगळ्या प्रकारचे. अमेरिकेकडे चारशेहून अधिक केसी-135 होते, शिवाय केसी-10. एका केसी-135 मध्ये 90 टनांपर्यंत इंधन मावते.

फ्रान्सने पहिल्या दिवशीचा हल्ला स्वतःच्या टँकरवर केला, हे इथे आवर्जून नोंदवायला हवे. एक-दोन दिवसांची धडक मारण्याइतकी ताकद युरोपातल्या मोठ्या देशांकडे होती. दररोज शंभराहून अधिक उड्डाणे, सात महिने, पाच-सहा वेगवेगळ्या तळांवरून आणि दोन्ही पद्धतींच्या विमानांसाठी, हे मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

इंधनाची अडचण जमिनीवरही आली. स्वीडनची आठ ग्रिपेन विमाने एप्रिलमध्ये सिसिलीतल्या सिगोनेला तळावर उतरली. तिथला इंधनपुरवठा अमेरिकी नौदलाच्या हातात होता आणि तिथे मिळणारे जेपी-5 इंधन ग्रिपेनला चालत नव्हते. नागरी विमानांचे जेट ए-1 बाहेरून टँकर गाड्यांनी आणावे लागले. स्वीडन तेव्हा नाटोत नव्हता, त्यामुळे नाटोच्या सुरक्षित संपर्कजाळ्यात शिरण्याचा अधिकारही त्यांना सुरुवातीला नव्हता. विमाने तळावर तयार उभी होती. टेहळणीत काढलेली छायाचित्रे पाठवायची कशी, हा पहिला प्रश्न होता.

लक्ष्य ठरते कसे

बॉम्ब पडण्याआधीची कामे बॉम्बपेक्षा जास्त असतात. आधी काहीतरी दिसावे लागते: ड्रोनच्या कॅमेऱ्यात, उपग्रहाच्या छायाचित्रात, जमिनीवर हलणाऱ्या गाड्या टिपणाऱ्या रडारवर किंवा पकडलेल्या रेडिओ संभाषणात. मग दिसलेली वस्तू कोणाची आहे हे ठरवायचे. मग तिचे अचूक निर्देशांक काढायचे. त्यात काही मीटरची चूकही चालत नाही, कारण उपग्रहाच्या आधारे जाणारा बॉम्ब दिलेल्या आकड्यावरच जाऊन पडतो. मग आजूबाजूला घरे, शाळा, दवाखाने आहेत का ते पाहून नागरी हानीचा अंदाज बांधायचा, त्यानुसार बॉम्बचा आकार आणि स्फोटाची वेळ ठरवायची, वकिलाची संमती घ्यायची आणि हवेतल्या कोणत्या विमानाकडे तो बॉम्ब आणि तेवढे इंधन आहे ते बघायचे. हल्ल्यानंतर परिणाम तपासायला पुन्हा टेहळणी लागते.

या साखळीसाठी खास शिकलेली माणसे लागतात आणि उत्तर इटलीतल्या पोज्जिओ रेनातिको येथील हवाई नियंत्रण केंद्रात ती नव्हती. सुरुवातीलाच अमेरिकेला आपल्या युरोपातल्या मुख्यालयांतून शंभराहून अधिक माणसे तिथे तातडीने पाठवावी लागली. केंद्राची रचना दिवसाला 300 हून अधिक उड्डाणे हाताळण्यासाठी होती. जूनपर्यंत ते 150 च्या आसपासच अडखळत होते. शिवाय अमेरिकेच्या बऱ्याच गुप्त माहितीवर ‘परदेशी अधिकाऱ्यांना दाखवू नये’ असा शिक्का असतो. लक्ष्य सुचवणारी माहिती अमेरिकी, बॉम्ब टाकणारा वैमानिक डॅनिश, आणि ती माहिती कशावरून आली हे त्याच्या देशाच्या अधिकाऱ्याला पाहता येत नाही. अशा वेळी डॅनिश अधिकारी हल्ला नाकारू शकतो किंवा डोळे मिटून मान्य करू शकतो. त्याच्या सरकारला मात्र आपल्या संसदेसमोर त्या बॉम्बची जबाबदारी घ्यावीच लागते. युरोपीय देशांच्या परराष्ट्र धोरणाची स्वायत्तता प्रत्यक्षात इथे झिजते. शिखर परिषदांच्या संयुक्त निवेदनांत तिचा पत्ता लागत नाही.

जमिनीवर मार्गदर्शन करणारे सैनिक अधिकृतपणे नव्हते, त्यामुळे चुकाही झाल्या. 7 एप्रिलला ब्रेगाजवळ नाटोच्या विमानांनी बंडखोरांच्याच रणगाड्यांवर हल्ला केला. बंडखोरांकडे रणगाडे आहेत ही माहितीच नव्हती, असे नाटोने दुसऱ्या दिवशी सांगितले. त्याच सुमारास मिसराता शहरात रस्त्यारस्त्यांवर लढाई चालू होती. जमिनीवरच्या सैन्याला जवळून साथ देणारी अमेरिकेची ए-10 आणि एसी-130 विमाने काही दिवसांपूर्वीच हल्ल्यांतून बाहेर पडली होती आणि युरोपकडे त्या जातीचे काहीच नव्हते. 21 एप्रिलला ओबामांनी सशस्त्र प्रिडेटर ड्रोन वापरायला परवानगी दिली, तेव्हा कुठे गर्दीच्या वस्तीतला एखादा तोफखाना तासन्‌तास नजरेखाली ठेवणे शक्य झाले.

ब्रिटनची कमतरता तर त्याने स्वतः ओढवून घेतली होती. ऑक्टोबर 2010 च्या संरक्षण आढाव्यात ‘आर्क रॉयल’ ही विमानवाहू नौका आणि हॅरियर विमाने मोडीत काढायचे ठरले. नौका निवृत्त झाली 11 मार्च 2011 रोजी, म्हणजे पहिल्या हल्ल्याच्या आठ दिवस आधी. रेडिओ संदेश टिपणारी निम्रॉड आर-1 विमाने मार्चअखेरीस जाणार होती. लिबियामुळे त्यांना जूनअखेरपर्यंत मुदतवाढ द्यावी लागली.

बॉम्ब संपतात

एप्रिलच्या मध्यापर्यंत नेमका मारा करणाऱ्या बॉम्बचा तुटवडा जाणवू लागला. शांततेच्या काळात साठा कमी ठेवणे हे युरोपातल्या अर्थमंत्रालयांना सोयीचे असते. बॉम्ब महाग, त्यांची मुदत ठरलेली आणि ते परेडमध्ये दिसत नाहीत. डेन्मार्कने फक्त सहा विमानांच्या तुकडीने नऊशेहून अधिक बॉम्ब टाकले, नॉर्वेने जवळपास सहाशे. नॉर्वेने 1 ऑगस्टपर्यंत आपली विमाने परत नेली, कारण छोट्या हवाई दलाला तेवढ्या वेगाने उडत राहणे पेलणारे नव्हते. एफ-16 वापरणाऱ्यांना अमेरिकी साठ्यातून बॉम्ब घेता येत होते. फ्रेंच आणि ब्रिटिश विमानांचे तसे नव्हते. त्यांच्या पंखांखालचे जोड आणि आतली सॉफ्टवेअर त्यांच्याच शस्त्रांसाठी बेतलेली होती. म्हणजे अमेरिकी विमाने घेणारा देश बॉम्बसाठी अमेरिकेवर अवलंबून, आणि स्वतःची विमाने बनवणारा देश बॉम्ब संपल्यावर कोणाकडूनही घेऊ न शकणारा.

10 जून 2011 रोजी ब्रसेल्समध्ये अमेरिकेचे मावळते संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी हे सगळे उघडपणे मांडले. तुरळक लोकवस्तीच्या देशातल्या अपुऱ्या शस्त्रांच्या राजवटीविरुद्ध अकरा आठवडे झाले नाहीत तोच अनेक मित्रराष्ट्रांचा दारूगोळा संपत आला आहे, असे ते म्हणाले. त्यांच्याच भाषणातले दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. जीडीपीच्या 2 टक्क्यांहून अधिक संरक्षणावर खर्च करणारे तेव्हा फक्त पाच देश होते: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, ग्रीस आणि अल्बानिया. आणि डेन्मार्क व नॉर्वे यांची हल्ला करणारी विमाने एकूण संख्येच्या 12 टक्के होती, पण त्यांनी एक तृतीयांश लक्ष्यांवर मारा केला. हे दोन्ही देश 2 टक्क्यांच्या बरेच खाली होते. ग्रीस वर होता आणि त्याने एकही बॉम्ब टाकला नाही. टक्केवारी पैसा मोजते. तो पैसा निवृत्तिवेतनात गेला, शेजाऱ्याला धाक घालणाऱ्या रणगाड्यांत गेला की दूर जाऊन लढण्याच्या साधनांत, हे ती सांगत नाही.

वॉशिंग्टनमधले मतदान

या प्रकरणाचा सर्वांत दुर्लक्षित आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग 24 जून 2011 चा आहे. अमेरिकेच्या 1973 च्या युद्धाधिकार कायद्यानुसार काँग्रेसच्या संमतीविना सैन्य संघर्षात उतरवले तर साठ दिवसांत ते मागे घ्यावे लागते. ओबामांनी 21 मार्चला काँग्रेसला कळवले होते, म्हणजे मुदत 20 मेला संपली. अमेरिका आता फक्त साहाय्यकाच्या भूमिकेत आहे, त्यामुळे या कायद्यातली ‘संघर्षा’ची व्याख्या लागूच होत नाही, असा युक्तिवाद प्रशासनाने केला. प्रतिनिधिगृह भडकले. 24 जूनला मोहिमेला संमती देणारा ठराव 123 विरुद्ध 295 मतांनी फेटाळला गेला. त्याच दिवशी निधी रोखणारे विधेयकही आले. तेही 180 विरुद्ध 238 मतांनी पडले.

त्या दुसऱ्या विधेयकात चार कामे वगळली होती: शोध आणि बचाव, टेहळणी आणि गुप्त माहिती, हवेत इंधन भरणे, आणि मोहिमेचे नियोजन. युद्धाला विरोध करणाऱ्यांनीही या चार गोष्टींना हात लावला नव्हता. त्या काढून घेतल्या तर मित्रराष्ट्रांची मोहीमच त्या आठवड्यात थांबेल, हे त्यांना ठाऊक होते. विधेयक पडण्यात एक वाटा असा होता की काही कडव्या विरोधकांना ही सूटच नको होती. ती ठेवणे म्हणजे मागल्या दाराने संमती देणे, असे त्यांचे म्हणणे होते. तीसेक मते इकडची तिकडे झाली असती आणि तो मसुदा आणखी कडक लिहिला गेला असता, तर फ्रान्स आणि ब्रिटनने सुरू केलेले युद्ध दोघांच्याही संसदेला न विचारता आटोपण्याची वेळ येऊ शकली असती. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे म्हणतात ते हेच. आणि यात अमेरिकेचा काही दुष्ट हेतू नव्हता. तिची संसद आपले घटनात्मक काम करत होती.

नंतर काय विकत घेतले

लिबियातले धडे लगेच लिहिले गेले. त्यांच्यावर कृती व्हायला दशक लागले. जानेवारी 2013 मध्ये फ्रान्स मालीत उतरला तेव्हा अमेरिकेची सी-17 मालवाहू विमाने आणि केसी-135 टँकर पुन्हा लागलेच. संयुक्त टँकर ताफ्याची कल्पना युरोपीय संरक्षण संस्थेने 2012 मध्ये पुढे नेली. नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी पहिली दोन विमाने 2016 मध्ये मागवली, मग नॉर्वे, जर्मनी, बेल्जियम, चेकिया आले, आणि पहिले एअरबस ए-330 टँकर नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनला उतरले 2020 च्या जूनमध्ये. या विमानात बूम आणि टोपली दोन्ही आहेत. 2025 मध्ये स्वीडन आणि डेन्मार्क सामील झाल्यावर ताफा 12 विमानांपर्यंत नेण्याचे ठरले. लिबियातल्या उणिवांपैकी सर्वांत नीट भरून निघालेली ही एक. सामाईक खरेदी, सामाईक तळ आणि उड्डाणतासांची वाटणी हे सूत्र तिथे चालले, कारण कोणत्याच देशाला एकट्याने टँकर परवडत नव्हता आणि कोणत्याही राष्ट्रीय कारखान्याची अस्मिता आड आली नाही.

टेहळणीत तसे झाले नाही. नाटोने मे 2012 मध्ये पाच मोठ्या ड्रोनचा करार केला. ते सिगोनेलात आले 2019 च्या नोव्हेंबरपासून आणि बनवले होते अमेरिकी कंपनीने. शत्रूची रडार दाबण्यासाठी जर्मनी 15 युरोफायटर विमाने बदलून घेत आहे, पण त्यांवरचे रडारवेधी क्षेपणास्त्र अमेरिकी असेल. साधन आपल्या ताब्यात येते, तरी सुटे भाग, सॉफ्टवेअर आणि पुढच्या सुधारणा बाहेरच राहतात.

मार्च 2025 मध्ये अमेरिकेने युक्रेनला दिली जाणारी लष्करी मदत 3 तारखेला आणि गुप्त माहिती 5 तारखेला थांबवली. 11 तारखेला जेद्दामधल्या बोलण्यांनंतर दोन्ही पूर्ववत झाल्या. त्या आठवड्यात युरोपीय सरकारांनी पैसे देऊ केले, शस्त्रे देऊ केली. क्षेपणास्त्र सुटल्याचा उपग्रहावरून मिळणारा इशारा त्यांच्याकडे त्या तोडीचा नव्हता, त्यामुळे तो देता आला नाही. जूनमध्ये हेगमधल्या नाटोच्या शिखर परिषदेत 2035 पर्यंत जीडीपीच्या 5 टक्के खर्चाचे लक्ष्य ठरले: साडेतीन टक्के प्रत्यक्ष संरक्षणावर, दीड टक्का रस्ते, पूल, सायबर सुरक्षा अशा पूरक गोष्टींवर. लंडनच्या आयआयएसएस या संरक्षणविषयक अभ्यास संस्थेने त्याच्या महिनाभर आधीच हिशेब मांडला होता: युरोपच्या बचावातला अमेरिकेचा पारंपरिक वाटा भरून काढायचा तर 25 वर्षांत सुमारे एक लाख कोटी डॉलर लागतील. एवढा पैसा लढाऊ विमानांच्या मागणीतच संपला, तर लिबियात जे घडले ते मोठ्या आकड्यांत पुन्हा घडेल. युरोपातली कोणतीही नवी आघाडी जाहीर झाली की विमानांच्या संख्येआधी तिच्या टँकरला बूम आहे का, लक्ष्य ठरवणारी किती माणसे स्वतःची आहेत, साठा किती आठवड्यांचा आहे आणि मुख्यालयातली टेहळणीची छायाचित्रे कोणाच्या परवानगीने उघडतात, हे विचारावे.

सध्या याची कसोटी अवॅक्सवर चालू आहे. जर्मनीतल्या गाइलेनकिर्शेन तळावरची नाटोची 14 जुनी ई-3 अवॅक्स विमाने 2035 च्या सुमारास निवृत्त होणार आहेत. त्यांच्या जागी 2023 मध्ये सहा अमेरिकी ई-7 विमाने निवडली गेली. 2025 च्या जुलैत अमेरिका त्या संयुक्त खरेदीतून बाहेर पडली, आणि नोव्हेंबरमध्ये नेदरलँड्सने जाहीर केले की उरलेल्या भागीदारांनीही ती योजना सोडली आहे आणि पर्याय शोधला जात आहे.